बेसूर होण्याची तालीम

खरा कलावंत कधीच निवृत्त होत नाही. अखेरच्या श्वासापर्यंत तो रसिकांच्या सेवेत असतो, असे उद्गार सावली गावातल्या एका सत्कार समारंभात एका मान्यवरांनी काढले होते, आणि ते ऐकून अंगावर शाल घेऊन बसलेल्या देवाजी बोरकुटेचे डोळे भरून आले होते. मान्यवरांचे म्हणणे पुढे अगदी खरे ठरले. देवाजी निवृत्त झाला नाही. त्याला काढण्यात आले.

तेव्हा तो झाडीपट्टीच्या नाटकांतला गायक होता. दिवाळी झाली की वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या गावांत मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, आणि मंडई म्हटली की नाटक आलेच. अशा बावीस हंगामांत देवाजी गायला. पोस्टरवर त्याचे नाव नायिकेच्या खाली आणि खलनायकाच्या वर असे, आणि नावाआधी ‘झाडीचा बुलबुल’ असे छापलेले असे. पेंढरबोडीच्या एका शेतकऱ्याने आपल्या गोऱ्ह्याचे नाव देवाजी ठेवले होते आणि तो गोऱ्हा शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पहिला आला होता. सावलीच्या एका खतविक्रेत्याने कॅलेंडरवर युरियाच्या पोत्याशेजारी त्याचा फोटो छापला होता. या भागात याच्यापलीकडे कीर्ती नाही.

नाटकाच्या दिवशी दुपारी भोंगा लावलेली जीप आसपासच्या गावांतून फिरते. त्या जीपमध्येही देवाजीच बसे. कारण मंडळाच्या मॅनेजरच्या लक्षात आले होते की, दुसरा कोणी ओरडला तर लोक ऐकतात आणि देवाजी ओरडला तर लोक येतात. त्याची एक पद्धत होती. आधी लांब ‘होऽऽऽ’ असा सूर लावायचा, तो बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्यावरून पलीकडे जाईपर्यंत धरायचा, आणि मग ‘माय-मावल्यांनोऽऽ’ म्हणून खाली उतरायचे. एवढ्यात बाया चुलीवरचा भात उतरवून दारात आलेल्या असत आणि म्हातारे काखेत पोते मारून मैदानाकडे निघालेले असत. पोते पसरायचे, त्यावर धोंडा ठेवायचा, की जागा झाली. लोकांनी एकमेकांच्या बायका पळवल्याची उदाहरणे आहेत, पण कोणी कोणाचा धोंडा हलवला नाही.

मग एका वर्षी मॅनेजरने देवाजीला नागपूरला नेऊन त्याची बारा गाणी रेकॉर्ड करून घेतली. “देवाजीभाऊ, तुमचा घसा कधीमधी बसते. सेफ्टी म्हणून असू द्या,” तो म्हणाला. पुढच्या हंगामात सेफ्टी होती, देवाजी नव्हता. ऑर्गनवाला लालसू मडावी, तबलेवाला, सगळेच एका पेनड्राइव्हमध्ये मावले. पेनड्राइव्ह चहाही मागत नसे.

देवाजीने माजरीच्या कोळसा खाणीवर एका ठेकेदाराकडे गेटवर शिट्टी वाजवली. ट्रक आत आला की एक, बाहेर गेला की दोन. तीन वर्षांनी तो ठेकेदारही गेला. पुढे चंद्रपुरात एका मंगल कार्यालयात खुर्च्या लावल्या. आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, पेंढरबोडीच्या बाजूला वाघिणीने दोन गाई मारल्यावर, त्याला पुन्हा माइक मिळाला.

तो वनखात्याने दिला. वाघ आला की गावोगाव जीप फिरवून लोकांना सावध करावे लागते, आणि आधी जो वनरक्षक हे काम करी त्याचे नाक बारमाही चोंदलेले असे. रेंजर नीलिमा मॅडम साताऱ्याकडच्या, नव्या, कामाला खऱ्या. त्यांनी कोणाचा आवाज चांगला आहे अशी चौकशी केली आणि चौदा लोकांनी एकच नाव सांगितले. हुकूम निघाला. त्यात देवाजीचा उल्लेख ‘ध्वनिक्षेपकाद्वारे जनजागृती करणेकामी रोजंदारी इसम’ असा होता. बुलबुलाचा इसम झाला याचे देवाजीला काही वाटले नाही. त्याने हुकूम वाचला तो ‘ध्वनिक्षेपक’ या शब्दापर्यंतच.

गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता बोलेरो पेंढरबोडीच्या वेशीवर पोचली. गाडी बिरजू चालवत होता. बिरजूचे वय तीस, आणि संगीताशी त्याचा संबंध रिव्हर्स गिअर टाकल्यावर वाजणाऱ्या धूनपुरता. देवाजीच्या हातात लेखी मजकूर होता: ‘सर्व ग्रामस्थांना सूचित करण्यात येते की, आपल्या परिसरात वाघाचा वावर आढळून आला असल्याने सायंकाळी पाच ते सकाळी सात या वेळेत कोणीही घराबाहेर पडू नये. शेतात एकट्याने जाऊ नये. शेतात खाली वाकून काम करू नये.’ दिवस धानकापणीचे होते. धान उभ्याने कसा कापायचा हे मजकुरात नव्हते.

देवाजीने माइक तोंडाशी नेला. अकरा वर्षांनी. त्याचा विचार सरळ वाचायचाच होता, असे तो पुढे मॅडमला शपथेवर सांगणार होता, आणि ते खोटे नव्हते. पण हातात माइक आला, समोर बोडी दिसली, पलीकडे मैदान दिसले, आणि छातीत जे व्हायचे ते झाले.

“होऽऽऽऽ—”

सूर बोडीच्या पाण्यावरून गेला, पलीकडच्या चिंचांवर आपटला आणि परत आला. बिरजूने दचकून ब्रेक दाबला.

“माय-मावल्यांनोऽऽ, भाऊ-बंधूंनोऽऽ... आपल्या गावात आलाय वाघऽऽ!”

‘वाघ’ त्याने असा काही लावला की त्याचे त्यालाच भरून आले. ‘सायंकाळी पाच’ खाली घेतले, ‘सकाळी सात’ वर नेऊन सोडले. शेवटी ‘खाली वाकू नये होऽऽ’वर एक हलकी मुरकी घेतली. अकरा वर्षांत काही गेले नव्हते. सगळे तिथेच होते.

दारे उघडली. आधी पोरे, मग बाया, मग म्हातारे. एक बाई ओल्या हातांनी गाडीशी आली.

“अगा माय, देवाजीभाऊ! जित्ता हाय का तू? कोन्तं नाटक हाय?”

“नाटक नाई, बाई. वाघ हाय. घरात बसा.”

“हो, हो, बसतो न. हिरोईन कोन हाय?”

“हिरोईन नाई! सरकारी गाडी हाय ही. पाह्य, लिहून हाय दरवाज्यावर.”

“मांगच्या साली त दरोडेखोर आले म्हनून सांगतलं होतं तुनं,” एक म्हातारा पोते झटकत म्हणाला. “कुलूप लावून बसलो होतो आमी. अन् होतं नाटक.”

मागच्या साली म्हणजे बारा वर्षांपूर्वी. पण गोष्ट खरी होती. दरोडेखोरांचे नाटक होते तेव्हा मंडळाची जीप गावोगाव ‘सावधान, दरोडेखोर शिरले आहेत’ असे ओरडत फिरली होती. तीन तालुक्यांतून लोक आले होते. ती कल्पना मॅनेजरची नव्हती. देवाजीची होती, आणि ती त्याने त्या वेळी अभिमानाने दहा ठिकाणी सांगितली होती. तेव्हा आता ‘घराबाहेर पडू नका’ हे ऐकून लोक घराबाहेर पडले, यात लोकांचा काहीच दोष नव्हता. ते त्याच्याच तालमीतले होते.

“भाऊ, हे लोक मैदानाकडं जाऊन राह्यले न,” बिरजू म्हणाला.

“पाहून राह्यलो.”

“मॅडमनं मैदानातच ठसे पाह्यले होते.”

देवाजीने मजकूर पुन्हा वाचायला घेतला. या खेपेला तो घाबरलेला होता, म्हणून आवाजाला कंप आला, आणि कंपाने जी काही कसर राहिली होती ती भरून निघाली. उरलेले लोकही आले.

पाच वाजता नीलिमा मॅडम पोचल्या तेव्हा वाघिणीच्या पाऊलखुणांवर पोती अंथरून साडेतीनशे माणसे बसली होती. धोंडे जागच्या जागी होते. एकाने भजी तळायला घेतली होती. मॅडमनी देवाजीच्या हातातून माइक घेतला आणि स्वच्छ, कडक भाषेत सांगितले की इथे कोणत्याही क्षणी हल्ला होऊ शकतो, कृपा करून आपापल्या घरी जा. बोलताना त्यांचा आवाज चढत गेला, कारण त्या खरोखर घाबरल्या होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“बाई नवीन हाय,” मागे कोणीतरी म्हणाले, “पन डायलॉग साफ हाय.”

अंधार पडायला लागला, रंगमंच काही आला नाही, तेव्हा लोक उठले. जाताना ते वाघाला नव्हे, देवाजीला बोलत गेले. फसवलं म्हणाले. भजीवाला तर बोलेरोला आडवाच झाला होता.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी देवाजीला ऑफिसात बोलावले. बसायला सांगितले. इथेच तो समजला.

“देवाजीभाऊ, तुमचा आवाज फार गोड आहे.”

“आशीर्वाद आहे मॅडम, रसिकांचा.”

“तो गोडवा काढून टाका.”

देवाजी हसला.

“मी चेष्टा करत नाही. काल तिथं एक जरी माणूस गेला असता तर मी आज इथं नसते. लोकांनी आवाज ऐकून दार लावलं पाहिजे. तुमचा आवाज ऐकून लोक दार उघडतात. रविवारी कसारटोल्याची मंडई आहे. नाटकाला आम्ही परवानगी दिलेली नाही, पण लोक वाट बघत असणार. तिथं परत असं झालं तर माइक दुसऱ्याकडे जाईल.”

“अन् मी?”

“तुमचं नुकसान होणार नाही. रोपवाटिकेत पाणी द्यायला माणूस हवाच आहे. रोज तोच, हजेरी तीच. उन्हातान्हात फिरणं नाही, वाघ नाही.”

मॅडमच्या मनात वाईट काही नव्हते. एखाद्याला दोन कामांतले जास्त सोयीचे काम देऊ केले तर त्याचा चेहरा का पडावा, हे त्यांना कळेना. देवाजीला ते समजावून सांगता आले नसते. मजुरी हा विषयच नव्हता. रोपांना पाणी घालायला पाइप लागतो, आणि पाइपात बोलून कोणी ऐकत नाही.

घरी कमळाने ऐकून घेतले आणि तांदूळ निवडत राहिली.

“जा न मंग नर्सरीत. सावली ऱ्हायते तिथी.”

“माइक जाईन न.”

“माइकनं का देल्लं तुमाले?”

देवाजीने उत्तर शोधले. शाल होती, ती मागच्या हिवाळ्यात कमळानेच गोधडीत घातली होती. कॅलेंडर होते, ते ज्या वर्षाचे होते ते वर्ष गेले होते.

“लोक ऐकत होते,” तो म्हणाला.

“लोक कोंबड्याचं बी ऐकतेत,” कमळा म्हणाली. “मंग कापतेत.”

शनिवारी तो धान खरेदी केंद्रावर गेला. तिथे लालसू पोती शिवायचे काम करी. पंधरा वर्षे ज्याने देवाजीच्या मागे ऑर्गन धरला, त्याची बोटे आता दाभणात सुतळी ओवून पोत्याचे तोंड बंद करीत. सोळा टाके आणि दोन गाठी. देवाजी दिसला तरी त्याने हात थांबवला नाही.

“सेवा जोहार, बुलबुल! ऐकलं मी. वाघ पाहाले साडेतीनशे लोक जमवले म्हन्ते तुनं. मॅनेजर असता त तिकीट लावलं असतं.”

“लालसू, मजाक नको करू. मले बेसूर व्हाचं हाय.”

आता मात्र लालसूचा हात थांबला.

“काऊन?”

देवाजीने सगळे सांगितले. लालसूने बिडी काढली, पेटवली नाही. धानाजवळ मनाई होती. ती नुसती ओठात धरून तो विचार करीत राहिला. अकरा वर्षांत संगीतातला सल्ला त्याला कोणी विचारला नव्हता.

“बेसूर होनं सोपं नाई, गा,” शेवटी तो म्हणाला. “ज्याले येत नाई तो आपोआप बेसूर ऱ्हायते. तुले येते. तुले मेहनत करा लागन. म्हन पाहू, का म्हनाचं हाय ते.”

“सर्व ग्रामस्थांनाऽ सूचित करण्यात येते—”

“थांब. ‘ग्रामस्थांना’वर काऊन थांबला?”

“श्वास घेतला.”

“तिथी नाई घ्याचा. चांगल्या जागी श्वास नाई घ्याचा. ‘सूचि’ म्हन, मंग श्वास घे, मंग ‘त’ म्हन.”

देवाजीने तसे केले. अंगावर काटा आला त्याच्या.

“अन् शेवटी वर चढून राह्यला तू. लोकायले वाटते पुढं काईतरी हाय. पुढं काईच नाई, असं वाटलं पाह्यजे. तहसीलदार झेंड्याच्या दिवशी भाषन देते, तसं. त्याले बी मालूम ऱ्हायते कोनी ऐकून नाई राह्यलं म्हनून.”

“तसं कसं जमन? माह्या डोळ्यासमोर लोक येतेत न.”

“डोळ्यासमोर लोक नको आनू. पोते आन,” लालसू म्हणाला आणि समोर बोट दाखवले.

शेडमध्ये आठ हमाल ट्रकमध्ये पोती चढवत होते. लालसूने नियम घालून दिला: देवाजीने म्हणत राहायचे, एकही हमाल थांबला, एकाचीही मान वळली, तर नापास. पहिल्या खेपेला आठही थांबले. पाठीवर पोते घेऊन उभे राहिले आणि झाल्यावर एक म्हणाला, “अजून एक होऊ द्या, भाऊ.” दुसऱ्या खेपेला पाच थांबले. लालसू शिवता शिवता चुका काढी. हे गोल झाले, हे लांबले, इथे तू ‘वाघ’ला नमस्कार करून राह्यला. ‘वाघ’ असा म्हन जसा ‘सातबारा’ म्हन्तेत. दुपारी दोनपर्यंत देवाजीचा घसा नव्हे, पाठ दुखू लागली. सूर खाली दाबून ठेवायला कुठून जोर लागतो हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळले.

“तू कसं केलं?” मध्येच त्याने विचारले. “तुह्या बोटात होतं न सगळं.”

“पहिल्या साली टाके तालात पडत होते,” लालसू म्हणाला. “दाभन टोचे. ताल धरला की नजर हटते. मंग सोडलं.” त्याने पोते बाजूला ढकलले. “आता नाई टोचत.”

चार वाजता, एकविसाव्या की बाविसाव्या खेपेला, देवाजीने संपूर्ण मजकूर म्हटला आणि एकही हमाल थांबला नाही. एक जण तर त्याच्या अगदी अंगावरून पोते घेऊन गेला आणि “बाजूले व्हा न, बुढा,” म्हणाला. ट्रक भरत राहिला. लालसूने टाळी वाजवली नाही. त्याने सुतळी तोडली आणि म्हणाला, “झाला तू पास.”



रविवारी कसारटोल्यात मंडईची गर्दी दुपारीच ओसरली होती, पण मैदानाच्या कडेला सात-आठ धोंडे पोत्यांवर येऊन बसले होते. परवानगी नाही म्हटले तरी लोकांना आशा असते. बिरजूने गाडी हळू केली. देवाजीने माइक घेतला, डोळ्यांपुढे पोती आणली आणि सुरू केले.

“सर्व ग्रामस्थांना सूचि. त करण्यात येते की आपल्या परि. सरात—”

गाडी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली. एक दार उघडले नाही. एक उघडे होते ते लागले. एका घरातून कोणीतरी ओरडले, “कोन बोंबलून राह्यला रे? टीव्ही ऐकू द्या!” बिरजूने आरशातून देवाजीकडे पाहिले आणि अंगठा वर केला. एकेक करून लोक मैदानात आले, धोंडे उचलून बाजूला टाकले, पोती झटकली आणि घरी नेली. आपल्या हयातीत देवाजीने इतक्या लवकर रिकामे झालेले मैदान पाहिले नव्हते.

शेवटच्या घराशी सुकरीबाई ओट्यावर बसली होती. पंचाऐंशीच्या पुढची, एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात संशय. देवाजीच्या प्रत्येक नाटकाला ती पहिल्या रांगेत असे, आणि एकदा त्याच्या गाण्यावर खूश होऊन तिने रंगमंचावर कोंबडा पाठवला होता. गाडी समोर आली तेव्हा ती काठी टेकत उठली आणि बिरजूच्या खिडकीशी आली.

“का गा पोरा, हा कोन आनला तुमी?”

“काऊन, आजी?”

“पेंढरबोडीले देवाजी आला होता म्हन्तेत. आमच्या गावाले असा काऊन पाठवला? गळ्यात काईच नाई याच्या.” मग आवाज खाली आणून तिने विचारले, “मेला का तो?”

बिरजू गडबडला. त्याने मागे पाहिले. देवाजी मागच्या सीटवर माइक मांडीवर घेऊन, तिच्यापासून तीन हातांवर बसला होता. त्याला फक्त ‘होऽऽ’ करायचे होते. एवढेच. म्हातारी रडली असती, मिठी मारली असती, शेजारणींना हाका मारल्या असत्या. मैदानावर पुन्हा पोती आली असती.

“नाई, बाई,” देवाजी त्याच सपाट आवाजात म्हणाला. “बदली झाली त्याची.”

“अस्सं,” सुकरीबाई म्हणाली. “बरं झालं. सरकारी मानूस झाला म्हनाचा.” आणि आत जाऊन तिने कडी लावली.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. कसारटोल्याच्या सरपंचांनी कळवले होते की पाचनंतर गावात कुत्रे सुद्धा फिरले नाही. मॅडमना फार आनंद झाला होता. “उत्तम काम, देवाजीभाऊ. हाच आवाज ठेवा,” त्या म्हणाल्या. माइक राहिला. देवाजीने ही बातमी कमळाला सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “असे काऊन बोलून राह्यले तुमी? माह्यासंग तरी चांगलं बोला.” त्याने घसा खाकरून पुन्हा सांगितले. तसेच आले.

रात्रीपर्यंत तो गुणगुणून पाहत होता. बारा गाण्यांपैकी एकही सुरुवातीला उभे राहीना. ‘सूचि. त’सारखे मध्येच तुटे. सोमवारी तीन गावे झाली. तिन्ही गावांत शून्य माणसे बाहेर आली.

मंगळवारी मॅडमनी त्याला आणि बिरजूला ऑफिसात बोलावले. टेबलावर लॅपटॉप उघडा होता.

“चांगली बातमी आहे. वाघीण गेली. वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला. तिकडच्या कॅमेऱ्यात आली आहे. पिल्लंही सोबत आहेत. आता आपल्याकडे धोका नाही.”

बिरजूने हात जोडले. देवाजीच्या मात्र काळजात वेगळेच काही हलले. शनिवारपासून दाबून ठेवलेली ती जागा एकदम मोकळी झाल्यासारखी वाटली. धोका नाही. म्हणजे लोकांनी घराबाहेर यायला हरकत नाही. म्हणजे बाहेर बोलवायला हवे. आणि बाहेर बोलवायला...

“मॅडम, मग आता सांगा लागन लोकायले,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जे आले ते ऐकून बिरजूनेही वळून पाहिले. “वाघ गेला म्हनून. पेंढरबोडीपासून सुरू करतो. मांगची चूक होती माही, ती बी भरून निघन. आज दुपारीच निघतो. आता त गोड म्हटलं तरी चालन न, मॅडम?”

मॅडमनी चष्मा काढला.

“अशी घोषणा करायची पद्धत नाही, देवाजीभाऊ.”

“म्हंजे?”

“वाघ आला हे आपण सांगतो. गेला हे सांगत नाही. उद्या परत आला आणि कोणाला काही झालं तर? तुम्हीच सांगितलं होतं धोका नाही, असं लोक म्हणतील. त्याची जबाबदारी कोण घेणार?”

“मंग लोकायले समजन कसं?”

“समजतं हळूहळू. दोन-तीन महिने कोणाला काही झालं नाही की लोक आपोआप बाहेर पडतात.” त्यांनी एक कागद पुढे सरकवला. “माइक आणि भोंगा स्टोअरला जमा करा. उद्यापासून तुमची हजेरी रोपवाटिकेत. रोज तोच आहे.”

देवाजी उभा राहिला. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडले. बिरजू पुढे कैक दिवस सांगत असे की, भाऊ तेव्हा ओरडले असते तर बरे झाले असते, निदान शिवी दिली असती तरी. पण देवाजी फक्त “बरं” म्हणाला, आणि ते इतके सपाट निघाले की मॅडमना ते ऐकूच आले नाही, त्यांनी विचारले, “काही म्हणालात का?”

“नाई.”

बाहेर आल्यावर त्याने वायर गुंडाळली, माइक पिशवीत घातला आणि स्टोअरच्या खिडकीत दिला. पोच घेतली. मग, जाता जाता आठवले म्हणून तो पुन्हा दारातून डोकावला.

“मॅडम, कधी गेली ती?”

मॅडमनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि फोटोच्या खालची ओळ वाचली. कॅमेऱ्याचे कार्ड त्या बाजूचे लोक पाच-सहा दिवसांनी काढतात, म्हणून कळायला उशीर झाला होता. फोटोत वाघीण आणि दोन पिल्ले नदीतून वर आलेली, ओली, पलीकडच्या काठावर उभी होती. वेळ गुरुवार, पहाटे चार वाजून बारा मिनिटे अशी होती. पेंढरबोडीत पहिली घोषणा झाली ती त्याच गुरुवारी, दुपारी साडेतीनला.